उजव्या पायाचं करायचं काय

माझ्या उजव्या पायाला आयुष्यात दोनच कामं शिकवली होती, किक मारणं आणि ब्रेक मारणं. तीस वर्षं नागपुरात स्कूटर चालवली, महाल भागातून सिव्हिल लाइन्सच्या ऑफिसात आणि परत, आणि रिटायर झाल्यावर त्याच पायाला मी संगीत शिकवायला निघालो.

मला लहानपणापासून ती मांडीवर आडवी ठेवून वाजवतात ना, ती गिटार फार आवडायची. आपल्याकडे हवाईयन गिटार म्हणतात, तिकडे स्टील गिटार, कारण तारांवरून बोटं नाही तर स्टीलचा दांडा फिरवायचा. रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधे वेळ उरला की सुनील गांगुलींची नाहीतर हजारा सिंगांची गिटार लावून द्यायचे आणि आमची आई भाकरी थापता थापता थांबायची. आता हवाई बेटांवरच्या एका पोराने, जोसेफ केकुकू त्याचं नाव, 1880 च्या दशकात तारांवर लोखंड घासून पाहिलं, मग तिकडचा ताऊ मो 1940 च्या दशकात कलकत्त्याला येऊन राहिला, त्याने तिथल्या लोकांना शिकवलं, आणि त्या सगळ्याची शिक्षा आमच्या फ्लॅटमधल्या लोकांना 2020 नंतर झाली. भाचा कलकत्त्याला होता, त्याने हावडा मेलने सेकंडहँड गिटार आणली. एसीत तिच्यासाठी वेगळा बर्थ मागावा का, असं मी विचारलं होतं.

गिटार आली, तिचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प आला, आणि मग कळलं की रेडिओवरच्या त्या सुराचा अर्धा जीव पायात असतो, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या पेडलमधे. तार छेडली की टण् होतं आणि आवाज लगेच विरत जातो, म्हणून पेडल अर्ध्यावर ठेवून छेडायचं आणि सूर विरायला लागला की हळूहळू पाय दाबत आवाज वाढवायचा, म्हणजे तो सूर गळ्यातून आल्यासारखा लांबतो. हिला हे सगळं समजावून सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे पायपेटीच की हो." चाळीस मिनिटं मी जे सांगत होतो ते हिने दोन शब्दांत आटपलं.

मग पेडल घ्यायला निघालो. सीताबर्डीवर एका दुकानात विचारलं, व्हॉल्यूम पेडल आहे का, तर पोरगं म्हणे आहे ना काका, आणि कीबोर्डचं सस्टेन पेडल काढून दिलं, ते म्हणजे दाराच्या बेलसारखं नुसतं एक बटण. मी म्हटलं हे नाही बाप्पा, वरखाली होणारं पाहिजे. मग त्याने वरखाली होणारं दिलं आणि मीही बघितलं नाही, पैसे देऊन मोकळा. घरी लावलं तर गिटारचा आवाज असा आला की जणू कोणी गोधडी पांघरून गातोय. मुलगा पुण्याला आहे, त्याला फोन लावला. तो म्हणे, "बाबा, किती के चा पॉट आहे?" आता मला के म्हणजे पगार माहीत. तर पेडलच्या आत रेडिओच्या बटणासारखा एक पॉट असतो, साध्या गिटारच्या पिकअपला, म्हणजे तारांची थरथर पकडून अ‍ॅम्पकडे धाडतो त्याला, तो अडीचशे किंवा पाचशे किलोओहमचा लागतो, आणि कीबोर्डवाल्या पेडलमधे तो कमी, पंचवीस पन्नास असा असतो, तो गिटारला लावला की वरचे सगळे तीक्ष्ण सूर तिथेच मरतात. दुकानदाराने परत घेतलं नाही, बदलून मात्र दिलं, म्हणजे मी एक माईक स्टँड घेऊन आलो. मी गात नाही. त्यावर आता ही ओले टॉवेल टाकते.

पुढचे दोन महिने मी पेडलचा अभ्यास केला, एवढा खात्याच्या परीक्षेचा नव्हता केला. काही पेडलांत दोरीने पॉट फिरतो, काहींत दात्यांची पट्टी असते, हिल्टन नावाचं एक आहे त्यात पॉटच नाही, उजेडाच्या किरणावर चालतं, म्हणजे घासून खराब व्हायला काही नाहीच. पण किंमत बघितली तर त्यात माझी गिटार, अ‍ॅम्प आणि मी तिघंही बसलो असतो, आणि वर त्याला अ‍ॅडॅप्टर लागतो. म्हणून पॅसिव्हच घ्यायचं ठरवलं. पॅसिव्हला वीज लागत नाही, मे महिन्यात लाईन गेली तरी चालतं, असं मी हिला अभिमानाने सांगितलं. "आणि अ‍ॅम्पला?" ही म्हणाली. या बाईपुढे कोणतंच तंत्रज्ञान टिकत नाही.

शेवटी एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून सेकंडहँड मिळालं, पाचशे के, दात्यांचं, वजनाला पाटा. आणा, लावा, वाजवा, एवढं सोपं असतं तर मी हे लिहिलं नसतं.

गिटार मांडीवर, पाय पेडलवर. पाय दाबला की गुडघा खाली जातो आणि गुडघा गेला की मांडीवरची गिटार कलते, गिटार कलली की दांडा सरकतो, म्हणजे आवाज वाढवला की सूर उतरायचा. आवाज आणि सूर दोन्ही एका वेळी मिळेचनात. म्हणून गिटारला स्टँड पाहिजे, तो घरात एकच होता, इस्त्रीचा टेबल. उंची अगदी बरोबर. ही शेजारी उभी राहून हातात चुरगळलेला कुर्ता धरून विचारायची, "राग संपला का?"

दुसरं म्हणजे ही पेडलं बूट घालणाऱ्या लोकांसाठी बनवलेली. वर पॉलिश पेपरसारखा खरखरीत पट्टा. आपण घरात अनवाणी वाजवणार, आठ दिवसांत माझी टाच अशी गुळगुळीत झाली की हिने तेवढ्यापुरतं कौतुक केलं. मग मोजा घातला तर पाय घसरायला लागला. मेमधे, पंचेचाळीस डिग्रीत, कूलरसमोर एकाच पायात लोकरी मोजा घालून बसलेला माणूस दारातून दिसला की कुरिअरवाला सही न घेताच जायचा.

आणि कूलर. खिडकीत कूलर, त्याची ती ओली हवा, त्यात आपल्याकडची धूळ, पंधरा दिवसांत पेडल खर्र खर्र करायला लागलं. धंतोलीत एक जुना रेडिओ रिपेअरवाला आहे, गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा धरूनच बोलतो. त्याच्यासमोर ठेवून मी म्हटलं, भाऊ, खर्र करून राहिलं. तो म्हणे, "मग थुकू द्या ना त्याले." आणि हसून हसून त्यालाच ठसका लागला. पण हात सोन्याचा आहे. झाकण उघडलं, पॉटमधे क्लीनरचे दोन फवारे मारले, पंधरावीस वेळा फिरवला, आवाज दुधासारखा साफ. पन्नास रुपये.

तिथेच मी माझं खरं दुखणं काढलं. माझा पाय. स्वर चुकणार अशी नुसती शंका आली ना, की माझा उजवा पाय आपोआप खाली जातो. तीस वर्षांची सवय, संकट दिसलं की दाबा. आणि पेडल दाबलं की आवाज वाढतो. म्हणजे माझं बरोबर वाजलेलं कोणाला ऐकूच जात नव्हतं आणि चुकलेला प्रत्येक स्वर तिसऱ्या मजल्यापर्यंत. वरच्या काकू एकदा म्हणाल्या सुद्धा, "भाऊजी, मधेमधे छान जोर लावता तुम्ही." अगदी नेमक्या जागा सांगितल्या त्यांनी.

रिपेअरवाला म्हणे त्यात काय, पॉटच्या बाजूच्या दोन वायरी उलट्या करून देतो, दाबलं की कमी, सोडलं की जास्त. मला तर त्याच्या पाया पडावंसं वाटलं. घरी येऊन बसलो. पाय दाबतोय, दाबतोय, काहीच होत नाही, अर्ध्याच्या पुढे गेलो तरी आवाज जवळपास तेवढाच, आणि शेवटच्या बोटभर अंतरात एकदम गप्प. मुलाने सांगितलं, बाबा, आवाजाचा पॉट सरळ रेषेत चढत नाही, कानाला सारखं वाटावं म्हणून तो आधी हळू आणि मग भरभर चढतो, उलटा केला की सगळा चढउतार एका टोकाला गोळा होतो. त्याला काय माहीत, हा ब्रेक मी ओळखत होतो. माझ्या स्कूटरचा मागचा ब्रेक हुबेहूब असाच होता, अर्ध्यापर्यंत नुसती आशा आणि मग धाडकन.

वायरी परत सरळ करून आणल्या. रिपेअरवाल्याने पैसे घेतले नाहीत, खर्रा पुढे केला. मग मी पायालाच शिकवायचं ठरवलं. रोज सकाळी, तर्री पोहे खाऊन आलो की अर्धा तास, गिटार नाही काही नाही, नुसतं "भीती वाटली की टाच मागे" असं मनात म्हणत पेडल खालीवर करायचं. ही म्हणायची, शिलाई मशीन घेतली असती तर चार परकर तरी झाले असते. पण तीन महिन्यांत पाय वळला. खरंच वळला. कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर वाजवलं, तिसऱ्या ओळीला स्वर घसरतोय असं वाटलं आणि टाच आपोआप मागे, आवाज विरला, कोणाला कळलंही नाही. वरच्या काकू म्हणाल्या, आज पहिल्यासारखा जोर नव्हता.

दुसऱ्या दिवशी स्कूटर काढली, दूध आणायला. व्हरायटी चौकात सिग्नल पडला, पुढे ऑटो उभा, मागून हॉर्नचा नुसता गदारोळ, मी दचकलो आणि माझा उजवा पाय, तीन महिने पोह्यांवर तयार केलेला, ब्रेकवरून अलगद उचलला गेला.

ऑटोवाला खाली उतरून मागचा बंपर बघत म्हणाला, "काहून हो काका, ब्रेक नाही का?"

मी म्हटलं, "आहे ना भाऊ. मी आवाज कमी करून राहिलो होतो."