माफी मागितली ना, मग पुन्हा माईक घे

धरमपेठेतल्या एका कॅफेत ओपन माईक, म्हणजे कुणीही नाव देऊन स्टँडअप कॉमेडी करून बघायचा कार्यक्रम, असला की मी जातो. खुर्च्या मोजक्याच, त्यातही निम्म्यांवर स्वतःच्या नंबराची वाट बघणारे कॉमिक. मुंबईत एका ठिकाणी जोक पडला तर दुसरीकडे अनोळखी लोकांपुढे तो पुन्हा करून बघता येतो. आपल्या नागपुरात पुढच्या खेपेलाही समोर तेच चेहरे. "काहून बे, तोच जोक?" म्हणणारा एखादा असतोच. तरी ही पोरं पाच मिनिटांचा सेट घासत राहतात, याचं मला फार कौतुक आहे.

पण जोक पडणं परवडतं. सेटअप म्हणजे सुरुवातीची मांडणी लांबली, पंच म्हणजे शेवटची हशाची ओळ आधीच कळली, तर घरी जाऊन दोन ओळी कापता येतात. जोक कुणाच्या जिव्हारी लागला की एवढ्यानं भागत नाही.

मागे एका मुलानं तोतरं बोलणाऱ्या गिऱ्हाइकाची नक्कल केली. जोरात हशा पिकला. दुसऱ्या रांगेतला एक माणूस मात्र मान खाली घालून हातातला ग्लास फिरवत राहिला. नंतर काउंटरवर बिल देताना तो अडखळत बोलला, तेव्हा आम्हाला उमगलं. तो मुलगा त्याच्यामागे पार्किंगपर्यंत गेला. "दादा, माझं चुकलं. हा जोक पुन्हा नाही करणार." 'तुम्हाला वाईट वाटलं असेल तर' हे शेपूट त्यानं लावलं नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं समय रैनासह पाच कॉमेडियनना दिव्यांगांच्या थट्टेबद्दल आपापल्या चॅनेलवर माफी मागायला सांगितलं. ती त्यांनी मनापासून मागितली का, हे मला त्यांच्या पुढच्या सेटमध्येच दिसेल. आणि जमावानं धमकावून वदवून घेतलेली माफी मी यात धरतच नाही. कॉमेडियन मुनव्वर फारुकी धार्मिक भावना दुखावल्याच्या आरोपाखाली २०२१ मध्ये इंदूरच्या तुरुंगात महिनाभर होता. अशा दहशतीतून कोणता कलाकार सुधारतो?

आपल्या कॅफेतला तो मुलगा मात्र पार्किंगमधल्या माफीनंतर बरेच दिवस फिरकलाच नाही. स्वतःलाच कोसत बसला होता, असं त्याचे मित्र सांगायचे. परवा आला. या वेळी जोक त्याच्या स्वतःच्या उतावळेपणावर होता: आईचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत हा उत्तर देतो आणि दर वेळी भलतीच भाजी घेऊन येतो. हशा आधीपेक्षा कमी होता, पण सेट कितीतरी चांगला होता. त्यानं इतके दिवस घरी बसायला नको होतं. आणि आता आपणही त्याला 'तो तोतऱ्याच्या जोकवाला' म्हणणं सोडावं, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.