बहात्तरचा दुष्काळ आठवतो, मग डिमेन्शिया कसा?

दादा, तुमचं म्हणणं असं की सत्तरीनंतर सगळेच विसरतात, डिमेन्शियावर, म्हणजे स्मृतिभ्रंशावर, औषध नाही, मग तपासण्यांच्या मागे लावून मी लोकांना घाबरवतेय, आणि आईंना १९७२ च्या दुष्काळातलं सगळं लख्ख आठवतं म्हणजे त्यांचं डोकं ठीकच आहे.

शेवटचं आधी घेते, कारण घरोघरी इथेच वर्षं वाया जातात. डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमर, त्यात बहुतेकदा नवीन आठवणी साठवणारा मेंदूचा भाग आधी बिघडतो, जुनं बरंच मागाहून जातं. म्हणून दुष्काळात खडी फोडली, मिलो, ती बाहेरून आलेली लाल ज्वारी, खाल्ली हे सगळं सांगता येतं आणि आज सकाळी जेवलो का ते सांगता येत नाही. तुम्हीच लिहिलंय की त्या एकच प्रश्न परत परत विचारतात, गॅस चालू राहतो. चष्मा कुठे ठेवला ते विसरणं वयाचं असेल, पण तेच तेच विचारणं, गॅस चालू राहणं वयावर ढकलू नका.

अल्झायमर बरा होत नाही हे खरंय, डोनेपेझिल, मेमॅन्टिन या गोळ्यांनी काहींना काही काळ थोडा फरक पडतो एवढंच. पण अल्झायमरच आहे हे तपासल्याशिवाय कळणार कसं? बी१२ जीवनसत्त्व कमी असेल, थायरॉइड असेल, डिप्रेशन, झोपेच्या गोळ्या, यानेही माणूस असाच विसरतो आणि यातलं बरंच सुधारू शकतं. शाकाहारी घर, त्यात वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि अ‍ॅसिडिटीची गोळी, मग तर बी१२ बघायलाच हवं.

आणि जाताजाता तुम्ही लिहिलंत की दिवाळीत त्या बाथरूममध्ये पडल्या होत्या, मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. म्हाताऱ्या माणसांत साध्या मारानेही कधीकधी मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साचतं, त्रास काही आठवड्यांनी दिसतो, सीटी स्कॅनमध्ये कळतं आणि गरज पडली तर ऑपरेशन करून काढताही येतं.

समजा अल्झायमरच निघाला, तरी 'सुनेने पैसे घेतले' असं त्या म्हणाल्या तर तो आजार बोलतोय एवढं कळलं तरी घरातली किती भांडणं टळतात, आणि बँकेची कामं, सह्या त्यांना समजतंय तोवर त्यांच्याच मर्जीने होतात.

या आठवड्यातच फिजिशियनला दाखवा, गोळ्यांची सगळी पिशवी सोबत न्या, पडल्याचं आवर्जून सांगा. खूप झोपाळू झाल्या, उलट्या झाल्या, एका बाजूचा जोर कमी वाटला तर मात्र थांबू नका, त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.