'फोन फुकट'च्या कागदाचं तिसरं पान

आज सकाळी ओळखीतल्या एका मुलीने मोबाइलच्या कराराचे फोटो पाठवले आणि विचारलं, "दादा, सही करू का?" पहिल्या पानावर ठळक अक्षरांत 'फोन फुकट'. तिसऱ्या पानावर, झूम केल्याशिवाय दिसणार नाही अशा अक्षरांत, मुदत ३६ महिने. तिचा कोर्स संपायला उरलेत २० महिने. विद्यार्थी सवलतीसाठी काउंटरवर तिचं ओळखपत्र तपासलं होतं आणि कोर्स कधी संपतो ते त्यावर छापलेलं आहे. म्हणजे समोरच्याला सगळं ठाऊक होतं. डोकं फिरलं, म्हणून लिहितोय.

हा 'फुकट' प्रकार असा चालतो. फोनची पूर्ण किंमत तुमच्या नावावर कर्ज म्हणून चढते. दर महिन्याच्या बिलात हप्ता लागतो आणि तेवढीच सूट खाली वजा केलेली दिसते, म्हणून हप्ता शून्य. सूट मिळते ती फक्त त्यांच्या ठरावीक प्लॅनवर असेपर्यंत, आणि तो प्लॅन बहुधा वरच्या दराचा असतो. २०व्या महिन्यात गाशा गुंडाळून दुसरीकडे जायचं म्हटलं की पुढची सूट बंद आणि उरलेले १६ हप्ते एकरकमी भरा. ३६ पैकी १६, म्हणजे मूळ किमतीच्या ४४ टक्के. तोवर फोन दोन वर्षांचा होत आलेला असतो आणि विकायला गेलात तर तेवढेही येतील याची खात्री नाही.

'महिना किती पडतो?' या एकाच प्रश्नावर फोन घेणं आधी बंद करा. कागद-पेन घ्या. फोनची रोख किंमत १०० धरा. करारात सुरुवातीला १० भरायचे आणि मग २४ महिने ६-६, फोन आणि प्लॅन मिळून. झाले १५४. आता तोच फोन रोख, आणि तेवढाच डेटा देणारा नुसता सिमचा प्लॅन महिना दीड. १०० अधिक ३६, म्हणजे १३६. फरक १८. विक्रेता सांगेल, "९० वर दोन वर्षांत १८, म्हणजे वर्षाला जेमतेम १० टक्के." साफ चूक. ९० चं कर्ज दोन वर्षं तसंच्या तसं तुमच्याकडे राहत नाही, दर महिन्याला तुम्ही ते फेडत असता. घटत्या शिल्लकीवर मांडलं तर तो दर महिना दीड टक्का, वर्षाला साधारण १८ टक्के निघतो. कुठल्याही कर्जाच्या कॅल्क्युलेटरमध्ये ९० मुद्दल, २४ महिने, साडेचारचा हप्ता टाकून बघा. (सहातून प्लॅनचे दीड वजा केले की फोनचा खरा हप्ता साडेचार.) यात सिम चालू करण्याचा आकार, कर आणि विमा धरलेला नाही. ते वेगळं मिळवायचं.

विम्याचं तर विचारूच नका. त्या मुलीच्या कागदावर विम्याच्या चौकटीत टिक आधीच मारलेली होती. तिला कुणी विचारलंही नव्हतं. घ्यायचाच असेल तर दोन गोष्टी बघा: दाव्याच्या वेळी स्वतःच्या खिशातून किती भरावे लागतात, आणि चोरी धरलेली आहे की फक्त मोडतोड. स्वतःचा वाटा आणि सगळे हप्ते मिळून स्क्रीन बदलण्याच्या खर्चाएवढे होत असतील तर तो विमा कशासाठी?

हो, हप्त्याचा करार कधी कधी बरोबर असतो, मान्य. व्याज खरोखर शून्य आहे, हप्त्यांची बेरीज रोख किमतीएवढीच आहे, मुदत कोर्सच्या आत संपते आणि प्लॅन हवा तेव्हा बदलता येतो, एवढं जुळलं तर बिनधास्त घ्या. हातात एकरकमी पैसे नसणं हा काही गुन्हा नाही. लेक्चर, ओटीपी, घरच्यांशी बोलणं, सगळं फोनवर. मुलं अडलेली असतात आणि नेमकं तेच हेरलं जातं, याचा जास्त संताप येतो.

प्लॅन निवडताना सेटिंग्जमध्ये जाऊन गेल्या तीन महिन्यांचा मोबाइल डेटा बघा. वायफायचा त्यात धरू नका. कॉलेज आणि खोली दोन्हीकडे वायफाय असेल तर आकडा वाटतो त्यापेक्षा बराच कमी निघतो. 'अमर्यादित' लिहिलेलं असलं की मर्यादेनंतरचा वेग शोधा. तो १२८ केबीपीएस असेल तर १० एमबीची एक पीडीएफ उतरायला १० मिनिटांहून जास्त लागतात. परीक्षेच्या आदल्या रात्री हे कळून उपयोग नाही. आणि लांब सुट्टीत घरी जाणार असाल तर तेवढे महिने प्लॅन थांबवता येतो का, ते आधी विचारा. नुसतं सिम असेल तर खालच्या प्लॅनवर उतरता येतं. करारात बिल चालूच राहतं.

आणखी एक चोरवाट. हप्ता आणि प्लॅन एकाच आकड्यात बांधलेले असतील तर फोन फिटल्यावरही बिल तेवढंच येत राहू शकतं. मुदत संपायच्या आधीच कॅलेंडरमध्ये आठवण लावा आणि त्या दिवशी नुसत्या सिमच्या प्लॅनवर जा. फोन एकाच कंपनीच्या नेटवर्कला बांधलेला आहे का आणि कुलूप कधी, कशाच्या बदल्यात उघडतं, हे लेखी घ्या. तोंडी "होऊन जाईल" म्हणजे काहीच नाही.

माझ्या मते बहुतेक विद्यार्थ्यांनी गेल्या वर्षीचं मॉडेल किंवा चांगला वापरलेला फोन रोख घ्यावा आणि सिम वेगळं. मात्र सुरक्षा अपडेट किती वर्षं उरलीत ते बघूनच. ती वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नव्हे. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४पासून त्या मालिकांना सात वर्षं आहेत. स्वस्त फोनांत हा आकडा फार लवकर संपतो.

वापरलेला घेताना *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक काढा, खोक्यावरच्या आणि बिलावरच्या आकड्याशी ताडा. आधीच्या मालकाला तुमच्या समोर फोनमधल्या त्याच्या गूगल किंवा ॲपल खात्यातून बाहेर पडायला लावा, मगच फोन रीसेट करा. उलट क्रमाने केलंत तर रीसेटनंतर फोन त्याचाच पासवर्ड मागत बसू शकतो. स्वतःचं सिम घालून कॉल आणि डेटा दोन्ही तपासा. बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून कमी करून मागा. आणि हप्ते थकलेला फोन पुढे कधीही ब्लॉक होऊ शकतो, म्हणून पूर्ण फिटल्याची पावती मागा. पावती नाही म्हणाला तर उठून या.

त्या मुलीच्या करारात जामीनदार म्हणून वडिलांची सही हवी होती. हे वाचून मात्र वाईट वाटलं. हप्ता तिचा चुकला तर थकबाकीची नोंद वडिलांच्या नावावरही लागू शकते, आणि हे त्यांना कुणी समजावून सांगणार नव्हतं. आईवडील मुलांच्या कागदावर न वाचता सही करतात, विश्वासाने करतात. बाळांनो, निदान त्यांच्यासाठी तरी तिसरं पान वाचा. मुदत, मधेच सोडल्याचा दंड, सूट कधी रद्द होते, मुदतीनंतरचं बिल, एवढ्या चार ओळी शोधा. सापडत नसतील तर ज्याने कागद दिला त्यालाच बोट ठेवून दाखवायला सांगा.

तिने अजून सही केलेली नाही. कुणाकडे असा कागद आला असेल तर मला इनबॉक्समध्ये पाठवा, रात्री बसून बघतो. नाव, पत्ता, ओळखपत्राचा नंबर झाकून पाठवा, पण सगळी पानं पाठवा.