लिफ्ट कुठे आहे, ते सांगा ना!

प्रवासाच्या लेखांत जो तो तेच सांगतो, "पॅरिसमध्ये मेट्रोने फिरा, एकदम सोपं!" सोपं कुणाला? लेक दोन वर्षांची, स्ट्रोलरमध्ये गाढ झोपलेली आणि समोर जिनेच जिने. मेट्रो १९०० सालची, स्थानकं तीनशेच्या वर. पण प्रत्येक स्थानकात लिफ्ट असलेली लाइन एकच, १४ नंबरची! झोपलेल्या पोरीसकट स्ट्रोलर उचलायचा कुणी? बसमध्ये तो सरळ आत नेता येतो, हे एक वाक्य लिहायला काय होतं कुणाला?

आणि त्या लेखांतली ती वेळापत्रकं! सकाळी लूव्र संग्रहालय, दुपारी आयफेल टॉवर, संध्याकाळी माँमार्त्रची टेकडी. अरे, उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे. लेक पहाटे साडेतीनला टक्क जागी होणार, संध्याकाळी सहाला पेंगणार. रेस्टॉरंटमध्ये रात्रीचं जेवण सातच्या पुढे. मग तिला भरवायचं कधी?

वर नातेवाईक आहेतच, "एवढ्याशा पोरीला काय कळणार? आजीकडे ठेवा." का ठेवू? पॅरिसमधल्याच लक्झेंबर्ग बागेच्या तळ्यात लहान मुलं काठीने होड्या ढकलतात, ते मला तिलाच दाखवायचंय!