प्रश्न विचारायचे नाहीत, बाई!

डी.एड. झालं, टीईटी निघाली, नेमणुकीचा कागद हातात पडला. शाळा मिळाली डोंगरापल्याडची, दोनशिक्षकी, आणि वाट्याला आला पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग. अभिनंदन! आता एकच पथ्य सांभाळा. मुलांना प्रश्न विचारू नका. प्रश्नोत्तर पद्धतीचं पुस्तकांत भारी कौतुक असतं, पण ती पुस्तकं लिहिणाऱ्यांना सहा वर्षांच्या माणसानं कधी उत्तर दिलेलं नसावं.

मी विचारला होता, पहिल्याच आठवड्यात. उदाहरण मुलांच्या जगातलं घ्या, असं प्रशिक्षणात सांगितलेलं. म्हणून म्हटलं, "कोंबडीनं ८ अंडी दिली. त्यातली ३ फुटली. राहिली किती?"

मागून एक कार्टं उठलं. "बाई, कोंबडी खुडूक बसलीय का?"

मला काय ठाऊक? म्हटलं, बसली असेल.

"मग मोजायची नसत्यात. हात लावला की आज्जी वरडती."

सगळ्या वर्गानं मान डोलावली. मग ती ३ अंडी फोडली कुणी याचा तपास सुरू झाला, संशय मुंगसावर गेला, मुंगूस पाहिलेल्या चौघांच्या साक्षी झाल्या, आणि घंटा वाजली. वजाबाकी राहिली ती राहिलीच.

अक्षरांच्या वेळी तरी गप्प बसावं की नाही? पण खोड जात नाही. 'क कमळाचा, ख खटाऱ्याचा' करत गाडी 'ण बाणाचा' वर आली, आणि मी विचारलं, "यात ण कुठं आहे?" "मागं," पोरं ओरडली. एका मुलीनं बोट वर केलं. "बाई, त्याला पुढं कोण उभं राहू देत नाही का?" खरंच की! बाण, पाणी, वीणा, गणपती. पुढं कुठंच नाही. ळ ची तीच गत. चाळीस वर्षं मराठी बोलून माझ्या ध्यानात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं वहीभर शब्द लिहून आणले: 'णदी', 'णळ', 'णाक'. मी लाल पेन उचललं आणि परत ठेवलं. तुम्ही मात्र खुशाल गुण कापा, नोंदी नीटनेटक्या राहतात.

संख्यावाचन तर मोठ्या माणसांनाही झेपत नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जोडीनं 'वीस एक' आलं, तर विधानसभेपर्यंत थट्टा पोचली. एकवीस म्हटलं की पोर आधी १ लिहितं नि मग २, हे बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर परोपरीनं समजावत होत्या. पण ऐकणारे सगळे दुसरी कधीच पास झालेले! माझ्या वर्गात अडचण वेगळीच निघाली. एकोणतीस म्हणजे तीसला एक उणा, एकोणचाळीस म्हणजे चाळीसला एक उणा, एवढं मी रंगवून सांगितलं. पोरांना पटलं. जरा जास्तच पटलं. "बाई, मग एकोणपाच म्हणजे चार ना?" नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं. तेव्हापासून आमच्याकडे गाईला एकोणपाच पाय असतात आणि पहिलीतल्या बहुतेकांचं वय एकोणसात आहे.

याच वयात दात हलतात. पडलेला दात वहीच्या कागदात बांधून तुमच्या टेबलावर येईल. तो कुणाचा, हे विचारू नका, तिघं हक्क सांगतात. माझ्याकडे तर सल्ल्यासाठी आला होता: दात कौलावर टाकायचा असतो, पण शाळेला पत्रा आहे, तर चालेल का? मुख्याध्यापकांशी चर्चा करून आम्ही परवानगी दिली.

घरची चौकशी चुकूनही नको. "काल घरी काय झालं?" म्हणाल, तर कुणाच्या मामाची सोयरीक मोडली हे गावाआधी तुम्हाला कळेल. वर "आई म्हणती, बाईंची ही साडी गेल्या पोळ्याला पण हीच होती" हेही ऐकून घ्यावं लागेल. होती. काय करता?

साडेबाराच्या सुमारास फोडणीचा वास सुटला की ज्ञानदान आपोआप थांबतं. डोकी मोजा, माणशी १०० ग्रॅम तांदूळ, नोंद करा. मध्येच एकानं करंगळी वर केली की वर्गभर करंगळ्या उगवतात. त्याचीही नोंद ठेवायचा रकाना लवकरच येईल. शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमात लिहिलंय की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं अशैक्षणिक काम देऊ नये. म्हणजे मतदारयाद्या घेऊन उन्हातान्हात फिरायची सोय कायद्यानंच केली आहे. तिकडे प्रश्न बिनधास्त विचारा. मोठी माणसं वयसुद्धा सरळ सांगतात.

परवा तपासणीला एक साहेब आले. मी दारातच सुचवणार होते, पण साहेबांना पथ्य कोण सांगणार? त्यांनी समोरच्याच पोराच्या पाठीवर हात ठेवला. "बाळ, वय किती तुझं?"

"एकोणसात."

"एकोणसाठ?"

"साठ न्हाय. सात."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेरच्या चिंचेकडे पाहिलं. शेरेबुकात 'विद्यार्थ्यांना अंकज्ञान नाही' असं वळणदार अक्षरात उमटलं. मी सही केली.

"बाई," पोरगं हळूच म्हणालं, "साहेबांना येत न्हाय व्हय?" आणि बस्करावर थोडं सरकून त्यानं शेजारी जागा केली.