डोंगरातील शर्यत आणि घरची माणसे

गडकिल्ल्यांवर धावण्याच्या शर्यती होऊ द्याव्यात का, हा प्रश्न जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाल्यापासून पुण्यातील माझ्या मित्रमैत्रिणींमध्ये वारंवार निघतो. काहींच्या मते गड ही इतिहासाची जागा असून तिचे क्रीडांगण करणेच गैर आहे. काहींना पायथ्याच्या गावांना मिळणारे चार पैसे महत्त्वाचे वाटतात. आणि पावसाळ्यात कुठे दुर्घटना घडली की ‘मुलाबाळांना डोंगरात नेतातच कशाला?’ असा तिसरा सूर लागतो. या तिसऱ्या सुराचे उत्तर बहुतेक वेळा बंदीत शोधले जाते आणि ते मला मनापासून पटत नाही. डोंगरातील शर्यत सुरक्षित ठेवायची असेल, तर ती लहान असावी आणि तिच्यात घरच्या माणसांनाही काम असावे, असे माझे मत आहे.

मी उत्तर इंग्लंडमधील लेक डिस्ट्रिक्टमध्ये राहते. हा प्रदेशही 2017 पासून जागतिक वारसा आहे, तरीही येथील उघड्याबोडक्या डोंगरांवरच्या शर्यती थांबलेल्या नाहीत. ग्रासमिअर गावातील वाटाड्यांची शर्यत 1868 पासूनची आहे. 2024 मध्ये निवर्तलेले जोस नेलर हे येथील अतिशय आदरणीय धावपटू व्यवसायाने वॉस्डेल खोऱ्यातील मेंढपाळ होते, यावरूनही हा खेळ कोणाचा आहे ते कळावे. अनेक शर्यतींत मोठ्यांच्या आधी मुलांची शर्यत होते. तिचे अंतर वयानुसार ठरलेले असते आणि मूल कितीही चपळ असले तरी त्याला त्याहून लांब पळू दिले जात नाही.

आमच्या भागातील शर्यतीची नोंदणी गावच्या सभागृहात होते. टेबलाशी बसणारे गृहस्थ सत्तरीच्या पुढचे आहेत. ते प्रत्येकाचे जाकीट उलटे करून, शिवणींवर आतून पाणीरोधक पट्टी चिकटवलेली आहे की नाही हे बोटांनी चाचपून पाहतात. मग शिट्टी, नकाशा, होकायंत्र आणि थोडा खाऊ. यांतले काही नसेल तर छातीवर लावायचा क्रमांक मिळत नाही, मग समोरचा कितीही नावाजलेला धावपटू असो. साताऱ्याहून आमच्याकडे आलेल्या सासूबाईंना शेवटच्या कुरणाच्या फाटकाशी उभे राहून परतणाऱ्यांचे क्रमांक टिपून घेण्याचे काम मिळाले आणि शेजारी माझी मुलगी ते मोठ्याने वाचून दाखवत होती. एका तरुणाचा क्रमांक चिखलाने झाकला गेला होता, तेव्हा सासूबाईंनी त्याला भर शर्यतीत थांबवून, रुमालाने तो पुसून, नीट पाहून मगच पुढे सोडले. ‘अगं, एक आकडा चुकला तर रात्री त्या डोंगरावर माणसे शोधायला जायची,’ असे त्या नंतर मला म्हणाल्या.

त्या अगदी बरोबर बोलल्या. ज्याने शर्यत अर्धवट सोडली, त्यानेही शेवटच्या रेषेपाशी येऊन तसे सांगितलेच पाहिजे, हा येथील सर्वांत कडक नियम आहे, कारण गिर्यारोहण बचाव पथके स्वयंसेवकांची असतात. मे 2021 मध्ये चीनच्या गान्सू प्रांतातील शंभर किलोमीटरच्या शर्यतीत अचानक गारपीट व वादळ होऊन 21 धावपटू थंडीने दगावले; वाऱ्यापासून बचाव करणारे जाकीट त्या शर्यतीत सक्तीचे नव्हते. ही घटना आठवली की टेबलावरच्या त्या तपासणीत गेलेला वेळ मला मुळीच जाचत नाही.

अर्थात येथील सगळेच उचलून सह्याद्रीत नेता येणार नाही. येथील डोंगर म्हणजे गवत आणि खडक, तर गड हे माणसाने बांधलेले आहेत. गुंजवण्याच्या बाजूने राजगड चढताना चोरदरवाज्याजवळ सुटीच्या दिवशी रांग लागते, ती अरुंद वाट ज्याने पाहिली आहे, तो तेथून शेकडो धावपटू सोडण्याचा विचारही करणार नाही. म्हणून शर्यत तटबंदी आणि माच्या टाळून पायथ्याच्या वाड्यांमधून, बैलगाडीच्या वाटांनी आणि खिंडींतून जावी. इतिहासाचा आग्रह धरणाऱ्यांशी मी येथे पूर्ण सहमत आहे. आपल्याकडे थंडीपेक्षा उन्हाचा आणि तहानेचा धोका मोठा, तेव्हा तपासणीही पाण्याची, टोपीची आणि विजेरीची व्हावी.

साताऱ्याच्या डोंगरी अर्धमॅरेथॉनने 2015 मध्ये गिनीज नोंद केली, त्याचा मलाही अभिमान आहे. मात्र ती धाव डांबरी घाटरस्त्यावरची आहे आणि तिच्यासारखी हजारोंची गर्दी पायवाटेला झेपणारी नाही. सह्याद्रीत शंभर-दीडशे धावपटूंच्या गावागावांतील शर्यती व्हाव्यात, वाटेवर ताक विकणाऱ्या मावशींकडेच तेथून जाणाऱ्या धावपटूंचे क्रमांक टिपण्याची नोंदवही द्यावी, कारण तेथून कोण गेले आणि कोण परतले नाही हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र संस्थेसारखे स्वयंसेवक आपल्याकडे जीव धोक्यात घालून दऱ्यांत उतरतात. नोंदणी शुल्कातील ठरावीक वाटा अशा संस्थांच्या दोरखंडांसाठी आधीच बाजूला काढला जावा. प्रशासनाने परवानगी देताना मुलांच्या अंतराची वयानुसार मर्यादा, साहित्याची तपासणी आणि परतलेल्यांची मोजणी या अटी घालाव्यात, आणि अर्जावर आयोजकाबरोबर त्या गावच्या ग्रामसभेचीही संमती असावी.