देश युरोपीय संघात गेला म्हणजे अल्पसंख्याक सुरक्षित झाले?

सध्या एक दावा सगळीकडे फिरतो आहे: ‘युरोपीय संघात शिरायचं तर अल्पसंख्याकांना आधी हक्क द्यावे लागतात. अट सगळ्यांना सारखी, आणि एकदा प्रवेश झाला की प्रश्न मिटला.’ यातलं अर्धंच खरं आहे.

अट आहे, हे खरं. 1993 मध्ये कोपनहेगनला ठरलेल्या निकषांत अल्पसंख्याकांचं संरक्षण येतं. पण ती सगळ्यांना सारखी नाही, ती दारात उभ्या असलेल्यांना आहे. राष्ट्रीय अल्पसंख्याकांविषयीच्या युरोप परिषदेच्या (ही संघाहून वेगळी, मानवी हक्कांसाठीची संघटना) करारावर संघात आधीपासून असलेल्या फ्रान्सने आजतागायत सही केलेली नाही.

‘हक्क दिल्याशिवाय प्रवेश नाही’ म्हणणाऱ्यांनी स्लोव्हेनिया पाहावा. तिथे इटालियन आणि हंगेरियन समाजांना संसदेत एकेक राखीव जागा आहे. संख्येने त्यांच्याहून कितीतरी मोठे असलेले बोस्नियन, सर्ब, क्रोएट मात्र त्या यादीत नाहीत. युगोस्लाव्हियातून वेगळ्या झालेल्या या नव्या देशाचं नागरिकत्व मुदतीत न मिळालेल्या 25,671 जणांची, बहुतेक याच समाजांतल्या माणसांची, नावं 26 फेब्रुवारी 1992 रोजी कायम रहिवाशांच्या नोंदीतून काढली गेली. कुणाला साधी नोटीसही नाही. माणसं कागद नवे करायला खिडकीवर जायची आणि तिथेच त्यांचे जुने कागद भोकं पाडून रद्द व्हायचे. नोकरी, पेन्शन, दवाखाना, सगळ्यावर पाणी. हे बेकायदा असल्याचं तिथल्याच घटनात्मक न्यायालयाने 1999 आणि 2003 मध्ये सांगितलं. तो निकाल अमलात आणणारा कायदा एप्रिल 2004 च्या सार्वमतात 90 टक्क्यांहून अधिक मतांनी फेटाळला गेला. आणि 1 मे रोजी देश संघात! युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या महापीठाचा निकाल यायला 2012 उजाडलं.

‘मग ही अटच फोल’ असंही कुणी म्हणू नये. लाटव्हियाने 1998 मध्ये नागरिकत्वाचे नियम सैल केले, ते प्रवेशाची आस होती म्हणूनच. तरीही 2004 मध्ये आत जाताना तिथे चार लाखांहून अधिक लोक, बहुतेक रशियन भाषक, कुठल्याच देशाचे नागरिक नव्हते. प्रवेशानंतर ब्रुसेल्सच्या, म्हणजे संघाच्या मुख्यालयाच्या, हातात तो जोर उरला नाही.

म्हणून युक्रेनकडे आत्ताच बघायला हवं. 2017 च्या शिक्षण कायद्याने पाचवीपासून मातृभाषेतलं शिक्षण आकसलं आणि हंगेरीच्या सीमेलगतच्या झाकारपाट्या प्रांतातले हंगेरियन अस्वस्थ झाले. प्रवेशाची बोलणी समोर दिसताच, डिसेंबर 2023 मध्ये, संघाच्या अधिकृत भाषांना त्यातून सूट मिळाली. ती वर्गात खरोखर उतरते का, हे सदस्यत्वाच्या सह्या होण्याआधीच तपासलं पाहिजे.